शिशापासून लिथियमपर्यंत: बॅटरीतल्या सूक्ष्म कणांचा इतिहास

पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटरीचा इतिहास बराचसा आग टाळण्याच्या खटपटीचा आहे. लिथियम हा सर्वांत हलका धातू. त्याची घनता पाण्याच्या जवळपास निम्मी, आणि इलेक्ट्रॉन टाकून देण्याची त्याची ओढ फार मोठी. थोड्या वजनात पुष्कळ वीज साठवायची तर यापेक्षा चांगले मूलद्रव्य सापडणे कठीण. पण ज्या स्वभावामुळे तो उपयोगी पडतो, त्याच स्वभावामुळे तो पाणी, हवा आणि बॅटरीच्या पोटातला द्रव यांच्याशी सहज प्रक्रिया करतो. हा धातू माणसाच्या खिशात, घरात आणि वाहनात सुखरूप राहावा आणि वर्षानुवर्षे टिकावा, यासाठी गेल्या तीस वर्षांत जे उपाय झाले त्यांतले बरेचसे नॅनो मापाचे आहेत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या लहान कणांवर आणि थरांवर काम करणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळा आणि इथे शिकून परदेशी गेलेले संशोधकही आहेत.

लिथियमच्या आधी राज्य होते शिशाचे. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्लाची पहिली पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली, आणि तिचा साचा आजवर फारसा बदललेला नाही. महाराष्ट्रात या धंद्याची मुळे मुंबई-पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात रुजली. क्लोराइड कंपनीचा, म्हणजे आजच्या एक्साइडचा, चिंचवडचा कारखाना १९६९ चा. मुंबईच्या स्टँडर्ड बॅटरीज कंपनीचे कारखाने १९९८ मध्ये याच एक्साइडकडे गेले. मोटार, ट्रक, ट्रॅक्टर यांच्या वाढीबरोबर ही बॅटरी खेड्यात पोचली आणि वाहनाबाहेरही कामाला लागली.

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातले, मेहकर-लोणार रस्त्यावरचे सुलतानपूर ज्या टापूत येते, त्या वऱ्हाडी शिवारात शिशाच्या बॅटरीची कामे सहज मोजता येतात. लोडशेडिंगच्या काळात घरातल्या इन्व्हर्टरला ती. रोही आणि रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून कुंपणाला जोडलेल्या झटका मशीनला ती. पाठीवरच्या फवारणी पंपालाही लहान आकाराची तीच. शेतीची वीज पाळीपाळीने, कित्येकदा रात्री येते. त्या वेळी पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या हातातल्या विजेरीतही पुढे चार्ज होणारी लहान बॅटरी आली. शिशाच्या बॅटरीचे गुण मोठे आहेत: ती स्वस्त आहे, दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावी मिळतो, भंगारातही तिला भाव येतो. पण ती जड आहे. एक किलो बॅटरीत जेमतेम तीस ते चाळीस वॉट-तास ऊर्जा मावते. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि ती मरते. उन्हाळ्यात पाणी आटते. दोन-तीन हंगामांत बॅटरी बदलणे हा शेतीच्या खर्चातला एक ठरलेला आकडा होऊन बसतो.

लिथियमचा प्रयोग १९७० च्या दशकात अमेरिकेत एक्सॉन या तेलकंपनीत सुरू झाला. अरबांच्या तेलबंदीचा तो काळ. तेल विकणाऱ्या कंपनीलाच तेलाशिवाय काय, हा प्रश्न पडला होता. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरवता आणि बाहेर काढता येतात हे दाखवले. ऋण बाजूला मात्र शुद्ध लिथियम धातू होता, आणि घात तिथेच झाला. प्रत्येक चार्जिंगच्या वेळी परत येणारा धातू सपाट बसत नाही. त्याला काटे फुटतात. त्यांना डेंड्राइट म्हणतात. वाढता वाढता ते मधला पडदा भेदून धन बाजूला टेकतात, आत शॉर्टसर्किट होते आणि ज्वलनशील द्रव पेट घेतो. कॅनडाच्या मोली एनर्जी या कंपनीने तरीही लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या. १९८९ मध्ये जपानमधल्या मोबाइल फोनना आगी लागल्यावर त्या परत बोलवाव्या लागल्या.

सुटका झाली ती धातू सोडून देण्याने. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड ही धन बाजू शोधली. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋण बाजूला कार्बन वापरला. आता लिथियम कुठेच धातूच्या रूपात नव्हता. तो आयन होऊन एका बाजूच्या थरांतून दुसऱ्या बाजूच्या थरांत ये-जा करत होता. सोनीने १९९१ मध्ये ही लिथियम-आयन बॅटरी विकायला काढली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

धोका कमी झाला, संपला नाही. ही बॅटरी टिकते ती एका अत्यंत पातळ थराच्या जिवावर. पहिल्यांदा चार्ज होताना ऋण बाजूच्या कार्बनवर द्रवाचे विघटन होते आणि तापल्या दुधावर साय धरावी तसा एक थर बसतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर. तो लिथियमच्या आयनांना वाट देतो, पण इलेक्ट्रॉनना अडवतो. म्हणून पुढचे विघटन थांबते. इस्रायलचे इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये या थराचे वर्णन केले. बॅटरीचे आयुष्य म्हणजे बऱ्याच अंशी या थराचे आयुष्य होय. तो तडकला की नवा बनतो आणि त्या बनण्यात थोडे लिथियम कायमचे अडकते. वर्षभराने फोनची बॅटरी लवकर उतरू लागते, त्याचे एक मोठे कारण हेच. तापमान ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की थराचे विघटन होऊ लागते, त्यातून उष्णता निघते, उष्णतेने पुढची प्रक्रिया पेटते. मग मधला प्लास्टिकचा पडदा वितळतो: पॉलिएथिलीन सुमारे १३० अंशांना, पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास. कोबाल्ट ऑक्साइड आणखी तापले की स्वतःमधला ऑक्सिजन सोडते. जळण, उष्णता आणि ऑक्सिजन एकाच बंद डबीत जमल्यावर बाहेरची हवा तोडून काय होणार? लिथियम बॅटरीची आग विझवणे इतके अवघड का, याचे उत्तर इथे आहे.

मग ऑक्सिजन न सोडणारी धन बाजू हवी. या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग इथून सुरू होतो, आणि नॅनोकणांचे खरे महत्त्वही इथेच दिसते. टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे दोन भारतीय संशोधक काम करत होते. या तिघांनी १९९७ मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट पुढे आणले, ज्याला बाजारात आता एलएफपी म्हणतात. यात ना महाग कोबाल्ट, ना निकेल. लोखंड आणि फॉस्फेट. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तापल्यावरही तो सहजी सुटत नाही. आगीचे एक अंग मुळातच कापले गेले.

पण पदार्थ निरुपयोगी वाटावा इतका मंद होता. वीज त्यातून जवळजवळ वाहतच नव्हती, आणि लिथियमचे आयन स्फटिकातल्या अरुंद बोगद्यांतून एकाच दिशेने सरकत. पहिल्या प्रयोगांत दर रेणूसूत्रामागे ०.६ च्या आसपासच लिथियम बाहेर काढता आले. बाकीचे आतच अडकून राहिले. या पदार्थाची सुरक्षितता सर्वांना मान्य होती, वेग मात्र कोणालाच मान्य होण्यासारखा नव्हता. उपाय निघाला आकार लहान करण्यातून. आयनाला कणाच्या गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंत यायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दहा मायक्रोमीटरचा कण शंभर नॅनोमीटरचा केला, तर अंतर शंभरपट घटते आणि वेळ दहा हजारपट. दुसरा उपाय कार्बनचा. माँट्रियलमध्ये नाताली राव्हे, मिशेल आर्मां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी कणांवर काही नॅनोमीटर जाडीचे कार्बनचे वेष्टन चढवले. साखरेसारखा एखादा सेंद्रिय पदार्थ मिसळून भाजले की हे वेष्टन आपोआप बसते. कणाच्या आतून आयन लवकर बाहेर येऊ लागला आणि बाहेरून इलेक्ट्रॉनला रस्ता मिळाला. कोणी नवे मूलद्रव्य शोधले नाही, रसायनही तेच राहिले. केवळ माप बदलल्याने टाकाऊ ठरलेला पदार्थ पुढे विजेच्या बस, रिक्षा आणि सौर साठवणीचा आधार झाला. अलीकडे फवारणी पंपात आणि सौर दिव्यांत शिशाच्या जागी जी लिथियमची बॅटरी दिसू लागली आहे, तिच्यातही बऱ्याचदा हाच पदार्थ असतो. तो चार्ज होण्या-उतरण्याचे हजारो फेरे टिकतो. प्रत्येक सेलचा दाब मात्र कोबाल्टच्या सेलपेक्षा कमी, ३.२ व्होल्टच्या आसपास असतो. तितक्याच ऊर्जेसाठी थोडे अधिक वजन वाहावे लागते.

ऋण बाजूकडेही असाच एक सुरक्षित पण मंद पदार्थ होता: लिथियम टायटॅनेट. नेहमीच्या ग्रॅफाइटची पातळी लिथियम धातूच्या फार जवळ, जेमतेम ०.१ व्होल्टवर असते. घाईने चार्ज केले किंवा थंडीत चार्ज केले की आयन थरात शिरण्याऐवजी वरच धातू होऊन बसतात आणि पुन्हा काट्यांची भीती. टायटॅनेटची पातळी १.५५ व्होल्ट, त्यामुळे ही भीती जवळजवळ नाहीशी होते. आयन आत शिरताना त्याचे आकारमान बदलत नाही, म्हणून तो तडकतही नाही. जपानच्या त्सुतोमु ओझुकू यांनी १९९५ मध्ये त्याला ताणरहित पदार्थ म्हटले. इथेही मंदपणावर उतारा नॅनोकणांचाच. तोशिबाने २००८ मध्ये अशा बॅटऱ्या विक्रीला आणल्या.

पुण्यात या विषयाला पोषक वातावरण आधीपासून होते. पाषाण रस्त्याच्या परिसरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे, सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करणारी संस्था १९९० पासून, आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था २००६ पासून. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोकणांवर काम करणारी आणि तो विषय शिकवणारी एक पिढी घडवली. केंद्र सरकारने २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू केले, तेव्हा या शहरात उपकरणे आणि माणसे दोन्ही तयार होती. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांनी साध्या रासायनिक द्रावणात बुडवून पातळ थर बसवण्याची पद्धत विकसित केली आणि तिच्यावर सुपरकपॅसिटरचे, म्हणजे वीज झटपट साठवून झटपट सोडणाऱ्या साधनाचे, मोठे काम उभे राहिले. महागडी निर्वात यंत्रे नसलेल्या विद्यापीठांना या पद्धतीने संशोधनाचे दार उघडले, ही तिची कमाई कमी लेखण्यासारखी नाही.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कडुनिंबाची वाळून गळालेली पाने हवेविना उच्च तापमानात भाजली तर जो कार्बन उरतो, त्याच्या अंगभर नॅनोमीटर मापाची छिद्रे असतात आणि एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठफळ मिळते. अशी छिद्रे पाडायला एरवी तीव्र रसायने लागतात. पानांत आधीच असलेली कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखी खनिजे ते काम करतात. हा कार्बन सुपरकपॅसिटरसाठी होता. पुढे याच गटाने सच्छिद्र कार्बन एका बाजूला आणि लिथियम टायटॅनेट दुसऱ्या बाजूला ठेवून लिथियम-आयन कपॅसिटर तयार केले: बॅटरीइतकी ऊर्जा नाही, पण चार्ज होण्याचा वेग मोठा आणि आयुष्य लांब.

टाकाऊतून कार्बन काढण्याचा हाच नाद परदेशी गेलेले संशोधक विलास पोळ यांच्या कामात दिसतो. इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात डॉक्टरेट, अमेरिकेच्या अर्गोन प्रयोगशाळेत संशोधन आणि मग पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापकी असा त्यांचा प्रवास. अर्गोनमध्ये त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांपासून कार्बनच्या नॅनोनलिका आणि गोळ्या बनवल्या. पर्ड्यूमध्ये त्यांच्या गटाने २०१५ मध्ये पार्सलमध्ये भरतात त्या फोमच्या तुकड्यांपासून आणि २०१६ मध्ये फुलांच्या परागकणांपासून बॅटरीची ऋण बाजू तयार केली.

मुंबईच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर संस्थेत काम करणारे निखिल कोरटकर यांनी दुसरीकडून हात घातला. सिलिकॉन ग्रॅफाइटच्या जवळपास दसपट लिथियम धरतो, पण धरताना तिप्पट-चौपट फुगतो आणि भुगा होतो. कॅलिफोर्नियात यी क्वी यांनी २००८ मध्ये सिलिकॉनच्या नॅनोतारा करून फुगण्याला जागा करून दिली. कोरटकर यांच्या गटाने २०११ मध्ये कार्बनच्या दांड्यावर ॲल्युमिनियम आणि त्यावर सिलिकॉन अशी रचना केली. फुगण्याचा ताण एका झटक्यात न येता पायरीपायरीने उतरतो. त्यांचा २०१८ चा शोध अधिक धाडसी होता. लिथियमच्या काट्यांना घाबरून कमी प्रवाह वापरण्याऐवजी काही काळ मुद्दाम मोठा प्रवाह सोडला, तर काटे स्वतःच्या उष्णतेने मऊ होऊन पसरतात आणि पृष्ठभाग सपाट होतो, हे त्यांनी दाखवले. तीस वर्षांपूर्वी हद्दपार झालेल्या लिथियम धातूला परत आणण्याच्या प्रयत्नांतला हा एक टप्पा.

नॅनोकणांची दुसरी बाजूही या इतिहासात तितकीच ठळक आहे. कण लहान झाला की पृष्ठफळ वाढते, आणि वाढलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर तो साईसारखा थर बसतो. पहिल्याच फेऱ्यात बरेच लिथियम त्यात खर्च होते. बारीक भुकटी कमी जागेत दाबून बसत नाही, म्हणून तितक्याच आकाराच्या सेलमध्ये पदार्थ कमी मावतो. कारखान्यात ती उडते, कामगाराच्या फुप्फुसात जाऊ शकते. म्हणूनच व्यवहारात नॅनोकणांचे मोठे गोळे बांधून वापरतात किंवा मूळ कण मोठा ठेवून त्याला केवळ नॅनो जाडीचे कवच चढवतात. सुरक्षिततेसाठी सर्वाधिक पसरलेला उपाय असाच साधा आहे: प्लास्टिकच्या पडद्यावर ॲल्युमिनाच्या सूक्ष्म कणांचा थर. प्लास्टिक वितळले तरी हा सिरॅमिकचा थर आकसत नाही आणि दोन्ही बाजूंना वेगळे ठेवतो.

या सगळ्याची गरज महाराष्ट्राला २०२२ मध्ये जवळून कळली. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून जाणाऱ्या चाळीस स्कूटरपैकी वीस जळाल्या. त्याच वर्षी वसईत घरात चार्ज होत असलेल्या स्कूटरच्या बॅटरीच्या स्फोटात एका लहान मुलाचा जीव गेला. यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचे मानक कडक झाले. वाहनांची ही मानके प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, १९६६ पासून आहे. सुधारित नियमांचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा मार्च २०२३ च्या अखेरीस लागू झाला. एका सेलमधली आग शेजारच्या सेलमध्ये पसरण्याविरुद्ध बंदोबस्त, चालकाला आधी इशारा आणि तापमानावर नजर ठेवणारी यंत्रणा या गोष्टी त्यात आल्या. अनेक उत्पादक एलएफपीकडे वळले ते याच सुमारास.

हवामानाचा मुद्दा इथे वेगळा सांगायला हवा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उन्हात उभ्या वाहनाच्या किंवा शेतातल्या पत्र्याच्या पेटीतले तापमान त्याहून वर. बॅटरीचे बहुतेक परदेशी मोजमाप २५ अंशांना केलेले असते. उष्णता वाढली की पृष्ठभागावरचा थर भराभर जाड होतो आणि आयुष्य घटते. सुलतानपूरसारख्या गावाच्या दृष्टीने आगीइतकाच हा झिजण्याचा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचे उत्तर इथल्याच उन्हात तपासून मिळायला हवे.

लिथियमची कच्ची खनिजे भारतात अजून निघत नाहीत आणि सेल बहुतांशी आयात होतात. केंद्राने २०२१ मध्ये देशात सेल बनवण्यासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली. आयातीवरचे हे अवलंबन कमी करण्याच्या गरजेतूनच सोडियमकडे लक्ष गेले. सोडियम सर्वत्र आहे. लोणारच्या विवरातले पाणी सोडियमच्या क्षारांनी भरलेले, आणि एके काळी तिथला खार काढून विकण्याचा मोठा धंदा होता. २००० पासून ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ, त्यामुळे त्या खाराचा विषय संपलेला आहे, पण उद्योगाला लागणारा सोडा इतरत्र विपुल आहे. सोडियमचा आयन मोठा असल्याने ग्रॅफाइटच्या थरांत नीट बसत नाही. त्यासाठी वेगळ्या प्रकारचा कठीण कार्बन लागतो, ज्याचे वेडेवाकडे थर आणि त्यांमधली नॅनोमीटरची पोकळी सोडियमला सामावून घेते. तांब्याऐवजी दोन्ही बाजूंना स्वस्त ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो, आणि बॅटरी शून्य व्होल्टपर्यंत उतरवून निर्धोकपणे वाहून नेता येते.

पुण्याच्या केपीआयटी या कंपनीने आयसर पुणेबरोबर जवळपास दशकभर या बॅटरीवर काम केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तंत्रज्ञान जाहीर केले. किलोमागे १०० ते १७० वॉट-तास ऊर्जा आणि ८० टक्के क्षमता टिकवून ३,००० ते ६,००० फेरे, असे कंपनीचे आकडे आहेत. रोज एक फेरा धरला तर खालचा आकडाही आठ वर्षांहून अधिक होतो. २०२४ मध्ये ट्रेंटार एनर्जी सोल्यूशन्स या कंपनीने हे तंत्रज्ञान उत्पादनासाठी घेतले. सी-मेटच्या पुणे प्रयोगशाळेतही लिथियम आणि सोडियम या दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांच्या पदार्थांवर काम चालू आहे.